फ्लेक्सवरून काढलेलं खेचर

ओझरच्या विघ्नहराकडे मी आजवर पुष्कळ काही मागितलं. बदली मागितली, लेकीला पुण्यात कॉलेज मागितलं, अलीकडे गुडघे मागते. पण विघ्न दूर करणाऱ्या देवालाच ‘एक विघ्न आण’ म्हणून साकडं घातलं ते एकदाच, गेल्या वर्षी एका रविवारी भर दुपारी. आमच्या बोरीतल्या मंगल कार्यालयात, तिसऱ्या रांगेतल्या खुर्चीवर बसून मी देवाला विनवत होते की बाबा, लाईट घालव. गेली तर तुझ्या दारी चालत येईन.

बाहेर लख्ख ऊन होतं. कार्यालयाच्या खिडक्यांना मल्चिंग पेपर लावला होता. टोमॅटोच्या बेडवर अंथरतात तोच काळा प्लास्टिकचा कागद. आमच्या भागात तो घरोघरी शिल्लक असतो आणि कशालाही उपयोगी पडतो. आत लग्नाच्या स्टेजवर पांढरा पडदा ताणला होता. थोड्याच वेळात त्यावर युद्धावरची एक डॉक्युमेंटरी लागणार होती आणि तिच्यात माझा नवरा दिसणार होता.

नवरा दिसण्याची मला भीती नव्हती. भीती होती ती जुन्नरच्या एका फ्लेक्सवाल्याची. तोही तिच्यात होता. त्यानं खरं ते सांगितलं असतं, तर नवऱ्याशी मी बारा वर्षांपूर्वी बोललेलं एक खोटं सगळ्या गावासमोर उघडं पडणार होतं.

माझ्या नवऱ्याला गाव फौजी म्हणतं. मीही इथं तेच म्हणते, कारण आमच्या पिढीत बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं ते फक्त उखाण्यात. फौजी सतरा वर्षं सैन्यात होते, पण खेचरांच्या तुकडीत. डोंगरात जिथं गाडी संपते तिथून पुढं सगळं खेचरांच्या पाठीवर जातं आणि प्रत्येक खेचराबरोबर एक माणूस चालतो. माझा नवरा हा तो माणूस. सीमेवर लढाई झाली तेव्हा ते तिथंच होते. गोळी त्यांनी एकही झाडली नाही. त्यांनी हे कधी लपवलं नाही, पण त्यांना कुणी विचारलंही नाही. सुट्टीवर आले की पारावरची माणसं विचारायची, तिकडं थंडी लई असंल न्हाई? ते म्हणायचे, असती. झाली मुलाखत.

माझं माहेर डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगरात. भात, नाचणी, आणि एसटी आली तर आली. आमच्याकडे जे काही घरात यायचं ते कुणाच्या तरी डोक्यावरून यायचं. ओझं वाहणाऱ्याला हसू नये हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. तरीही व्हायचं ते झालं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. एकदा मधल्या सुट्टीत नव्यानं आलेल्या एका बाईंनी विचारलं, तुमचे साहेब फौजेत काय करायचे? मी सरळ सांगितलं. बाईंच्या हातात घास होता. तो तसाच धरून त्या म्हणाल्या, म्हणजे गाढवं वळायचे म्हणा की. सगळ्या हसल्या आणि त्यांच्याबरोबर मीही हसले. त्या बाईंचा राग माझा केव्हाच गेला. मी हसले त्याचा मात्र अजून गेलेला नाही.

याच सुमारास गावात निवडणुकीचं वारं सुटलं. आमच्या विकास सोसायटीचे चेअरमन हे गावचे पुढारी. त्यांनी माजी सैनिकांचा सत्कार ठरवला आणि फ्लेक्ससाठी प्रत्येकाचा फौजेतला फोटो मागितला. फौजींकडे त्या काळातला एकुलता एक फोटो होता. मागे राखाडी डोंगर, थोडं बर्फ, ओठ फुटलेले, गाल बसलेले, आणि हातात खेचराची दोरी. खेचर कॅमेऱ्याकडे बघतंय आणि फौजी खेचराकडे. लग्नातल्या एकाही फोटोत त्यांनी माझ्याकडे असं बघितलेलं नाही, हे मी त्यांना पूर्वी पुष्कळदा ऐकवलेलं.

मला पंचायत समितीत काम होतं म्हणून जुन्नरला जाता जाता फोटो मीच नेला. फ्लेक्सच्या दुकानात गर्दी होती. तिथल्या माणसानं फोटो कम्प्युटरवर घेतला, मान वाकडी करून बघितला आणि म्हणाला, “मावशी, हे जनावर मधी येतंय. काढू का?”

मला त्या शाळेतल्या बाई आठवल्या. मी म्हटलं, “काढ.”

त्यानं खेचर काढलं. मग फौजींचा हात नुसताच पुढं आलेला दिसायला लागला. तो म्हणाला, बंदूक टाकू? मी म्हटलं, टाक. एवढंच. कुणी जबरदस्ती केली नाही, कुणी फसवलं नाही. मूळ फोटो दुकानातच विसरून मी बस धरली.

दोन दिवसांत फ्लेक्स एसटी स्टँडवर झळकला. वर चेअरमन हात जोडून, भले मोठे. खाली ओळीनं आमचे जवान. त्यात फौजी बंदुकीकडे इतक्या मायेनं बघत होते, की बघणाऱ्याला वाटावं आता हे तिला चारा घालतील.

त्या दिवशी फौजी स्टँडवरून घरी आले. मी भाकरी थापत होते. त्यांनी विचारलं, खेचर कुठं गेलं? मी तव्यावरून नजर न काढता सांगितलं, दुकानवाल्याला काय कळतंय, त्यानं आपल्याच मनानं केलं असंल. फोटोचं विचारलं तेव्हा म्हटलं, त्याच्याकडंच राह्यला, आणीन कवातरी. ते ‘बरं’ म्हणाले आणि हात धुवायला गेले. त्यानंतर आमच्या घरात खेचराचा विषय निघाला नाही. फोटोचाही नाही. मला वाटलं, मिटलं.

गावात मात्र फौजींचा भाव वाढला. पूर्वी ते नुसते फौजी होते, आता बॉर्डरवर लढलेले फौजी झाले. पंधरा ऑगस्टला शाळेत पहिल्या रांगेत खुर्ची. भाषणाचा आग्रह व्हायचा, तर ते झेंड्याला सलाम करून खाली बसायचे. लोक म्हणायचे, ज्यानं बघितलंय तो बोलत न्हाई. मीही तेच म्हणायचे. निवडणूक झाल्यावर तो फ्लेक्स आमच्या भावकीतल्या एकानं उतरवून नेला आणि कांदा साठवायच्या बराखीवर झाकला. दोन पावसाळे फौजींनी बंदूक घेऊन दुसऱ्याच्या कांद्याची राखण केली. त्या रस्त्यानं जाताना मी पलीकडच्या उसाकडे बघत जायचे.

मग बऱ्याच वर्षांनी एक मुलगी आली. राहायला पुण्यात, आजोळ आंबेगाव तालुक्यातलं. फिल्म बनवत होती. युद्ध करायचं कोण ठरवतं, तिथं जातं कोण, आणि मागं राहून त्याच्यावर मतं कोण मागतं, असा तिचा विषय. गावात कुजबुज सुरू झाली. एक-दोघांनी फौजींना बाजूला घेऊन सांगितलं, भाऊ, असल्या भानगडीत पडू नगा, हे पिच्चर देशाच्या विरोधात असत्यात. फौजींचाही नकारच होता. पण त्या मुलीनं चहा पिता पिता विचारलं, काका, तुम्ही वर काय काय वाहून नेलं? किती मारले, असं तिनं विचारलं नाही. फौजींनी कप खाली ठेवला, उठले, आणि म्हणाले, गोठ्यात बसू, तिथं बरं वाटंल.

तीन दिवस ते गोठ्यात बोलत होते. मी चहा घेऊन गेले की गप्प व्हायचे. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्याशी बोलले नाहीत तेवढं हा माणूस एका परक्या पोरीशी म्हशीसमोर बसून बोलत होता. मला राग आला, तो मी भांड्यांवर काढला. जाताना ती मुलगी पाया पडली आणि म्हणाली, काकू, जुन्नरचे फ्लेक्सवाले काका भेटले, त्यांच्या कम्प्युटरवरून तो जुना फ्लेक्सपण घेतलाय फिल्ममध्ये, आणि काका फार मोकळं बोलले.

ते ‘मोकळं’ माझ्या पोटात जाऊन बसलं, ते पुढचे सात महिने. मी दुकानात जाऊन त्या माणसाला विचारू शकले असते. दोनदा बसमध्ये बसलेही. दोन्ही वेळा नारायणगावला उतरून भाजी घेऊन परत आले. फौजींना काय सांगणार? एक खोटं बारा वर्षं जुनं झालं की ते खोटं राहत नाही, घरातलं एक माणूसच होतं. त्याला बाहेर कसं काढायचं कळत नाही.

तर असा तो रविवार. फिल्म गावच्या माणसावर आहे म्हटल्यावर चेअरमननी स्वतः नारळ फोडला आणि पहिल्या रांगेत बसले. त्यांना वाटत होतं सत्काराचाच कार्यक्रम आहे. फौजी माझ्या शेजारी, इस्त्रीचा शर्ट घालून, हात मांडीवर ठेवून.

फिल्म सुरू झाली. मी टीव्ही बघणारी बाई आहे. युद्ध म्हणजे विमानं, धूर आणि ओरडणारे अँकर, अशी माझी समजूत. इथं सुरुवातीलाच एक बाई दिसली. कुठल्या तरी उत्तरेकडच्या गावातली, ओट्यावर गहू निवडत बसलेली. तिचा मुलगा लढाईत गेलेला. ती म्हणत होती की गावात त्याच्या नावाची कमान बांधली तेव्हा सगळे आले, आता कमानीखालून जाताना तिला मान वर करवत नाही. मग एका सभेतलं भाषण. नेते मंडळी, मागं जवानांचे फोटो, टाळ्या. मग पुन्हा ती बाई आणि गहू. कुणी काही समजावून सांगत नव्हतं. कार्यालयात चुळबुळ झाली. मागून कुणीतरी म्हणालं, हे एकाच बाजूचं दाखवत्यात राव. दुसरा म्हणाला, गप बस, बघू दे.

मलाही एका जागी राग आला. पडद्यामागून पहिल्यांदाच त्या मुलीचा आवाज आला की गावागावांत लोकांना युद्धाचं वेड लावलं जातं, आणि त्याच वेळी पडद्यावर आमची आळी आली. उन्हात माझी धाकटी जाऊ कुरडया वाळत घालत होती. मला उठून सांगावंसं वाटलं की बाई गं, तिला कसलंही वेड नाही, तिला पाहुण्यांआधी कुरडया वाळवायच्या आहेत. शहरातून आलेल्या माणसाला आमच्याकडचं सगळंच भाबडं दिसतं.

पण राग पुरता टिकला नाही. त्याच्या आदल्या वर्षी सीमेवर तणाव होता तेव्हा मी आणि हीच जाऊ जेवणाची ताटं घेऊन टीव्हीसमोर बसायचो. निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर मी स्वतःच्या बोटांनी लिहिलं होतं, ‘आता सोडू नका, एकदाचं संपवा.’ त्यावर अंगठे आले होते. फौजींना वाचून दाखवलं, तर ते म्हशीला पाणी दाखवायला गेले. म्हशीनं नुकतंच पाणी प्यायलं होतं. हे मला त्या खुर्चीत बसल्यावर आठवलं आणि कान गरम झाले.

तेवढ्यात पडद्यावर फोटो आला. तोच, मूळचा. राखाडी डोंगर, फुटलेले ओठ, दोरी, खेचर. मी दचकले. हा फोटो हिला मिळाला कुठं? मी तर दुकानात टाकून आले होते. विचार पुरा व्हायच्या आत शेजारी फ्लेक्स आला. डावीकडे खेचराकडे बघणारे फौजी, उजवीकडे बंदुकीकडे तसेच बघणारे फौजी. सगळं कार्यालय हसायला लागलं. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. चेअरमन जरा उशिरा हसले. मी फौजींकडे बघितलंच नाही.

आणि मग तो आला. फ्लेक्सचं दुकान, कम्प्युटर, खुर्चीत तोच माणूस, केस पिकलेले. त्यानं घसा खाकरला. म्हणाला, “त्याचं काय झालं, त्या दिवशी दुकानात...”

लाईट गेली.

देव इतकं ऐकतो हे मला ठाऊक नव्हतं. कार्यालयात अंधार झाला, मल्चिंग पेपरच्या कडांमधून उन्हाच्या चार रेघा आत आल्या. लोक मोबाईलच्या बॅटऱ्या पेटवायला लागले. कळलं की जनरेटर आहे, पण त्यात डिझेल नाही. कुणीतरी गाडीवरून पंपावर गेलं. म्हणजे अर्धा तास नक्की.

मी सुटले असं वाटायला हवं होतं. पण मी मागितलं होतं ते थोडं कमी पडलं. लाईट जाते ती परत येते. डिझेल येणार, तो माणूस वाक्य पुरं करणार, आणि फौजींना कळणार ते तीनशे माणसांत. त्यापेक्षा माझ्या तोंडून कळलेलं बरं. अंधारात माझं मला धैर्य आलं.

“आवं,” मी म्हटलं. “त्या फ्लेक्सवरचं खेचर दुकानवाल्यानं काढलं न्हवतं. मी काढाय सांगितलं व्हतं. बंदूक बी मीच टाकाय लावली.”

कुणाच्या तरी बॅटरीचा उजेड छतावरून गेला. मग फौजी म्हणाले, “ठाव हाय मला.”

“कवापासनं?”

“दुसऱ्याच दिशी. फोटो आणाय गेलो व्हतो. त्यानं सांगितलं, मावशी म्हणल्या म्हणून काढलं.”

फोटो तर ते तेव्हाच घेऊन आले होते. फौजेतली ती काळी ट्रंक, जिच्यावर मी बारा वर्षं गोधड्या रचत आले, तिच्यात ठेवला होता. मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलला का न्हाई?

ते म्हणाले, “म्हणलं, तुला खेचरवाल्याची बायको म्हणून घ्याया लाज वाटती. मग कशाला काढायचा इषय?”

मला रडू आलं. अंधार होता ते बरं झालं. मी त्यांच्या शर्टाची बाही धरली आणि जे होतं ते सांगितलं. “वाटली व्हती. एक दिस वाटली व्हती. त्याच्यानंतर नुसतं तुमचं भ्या वाटत राह्यलं.”

“माझं?” फौजी म्हणाले. “मला घरातलं मांजर भेत न्हाई.”

मी रडता रडता हसले. मागच्या रांगेतल्या बाईंनी विचारलं, काय झालं वो मॅडम? मी म्हटलं, काय नाय, उकडतंय.

डिझेल आलं, जनरेटर धडधडला, पडद्यावर तो फ्लेक्सवाला जिथं थांबला होता तिथून सुरू झाला. मी डोळे मिटून घेतले. “...गर्दी व्हती लई. इलेक्शनचे दिवस. ज्याच्या त्याच्या हातात बंदूक पायजे. माझ्या कम्प्युटरमधी बंदूक एकच व्हती. अख्ख्या तालुक्याला मी तीच वाटली.”

आणि फिल्म पुढं गेली. एवढंच. मावशी नाही, काही नाही. माझं नावनिशाणही नाही.

कार्यालय पुन्हा हसत होतं. फौजी माझ्याकडे वळले आणि हळूच म्हणाले, उगीच बोललीस, जरा दम धरला असतास तर निभावलं असतं. मी त्यांना कोपर मारलं. सात महिने पोटात बसलेला दगड गेला, आणि गेल्यावर कळलं तो केवढा होता. मला एकदम भूक लागली.

पण खरं ऐकायचं अजून पुढंच होतं. पडद्यावर आमचा गोठा आला, मागं म्हैस रवंथ करतेय, पुढं फौजी. ते सांगत होते की वर जाताना रॉकेल, पीठ, पाणी आणि तोफेचे गोळे न्यायचे. वाट अशी की एका वेळी एकच पाय. त्यांच्या वाट्याला आलेलं खेचर हट्टी होतं, चावायचं, दुसऱ्या कुणाला अंगाला हात लावू द्यायचं नाही. वर जाताना त्याला दहा वेळा ओढावं लागायचं. मग ते म्हशीकडे बघत बोलले.

“जाताना गोळे न्यायचो, येताना पोरं आणायचो. मेलेली. दोन्ही बाजूला बांधून. त्या टायमाला त्याला काय सांगावं लागत न्हवतं. आपल्या आपण हळू चालायचं. मी कवा त्याला शिकवलं न्हाई.”

लढाईच्या त्या दिवसांत मी इकडं शाळेत बाराखडी शिकवत होते आणि यांचं पत्र येत नाही म्हणून रुसले होते. पुढं हे घरी आले तेव्हा एक-दोनदा त्यांनी खेचराची गोष्ट काढलीही होती, ते चावायचं म्हणून. मी हसले होते. पुढची गोष्ट कधीतरी आली असती. पण मी ते खेचर फोटोतून काढलं आणि यांनी तोंडातून काढलं. फौजी गप्प असतात ते लढाईमुळं, असं मी सगळ्यांना सांगत आले होते. निम्मे गप्प ते माझ्यामुळं होते. वाईट वाटलं, खूप वाटलं. पण त्याच्याखाली दुसरंही काही होतं आणि ते सुटल्याचं होतं. ते बोलले होते. मी ऐकलं होतं. आता ते परत आत जाणार नव्हतं.

फिल्म संपली. टाळ्या कुणी वाजवायच्या ते कळेना. चेअरमन उठले, म्हणाले की आपल्या गावच्या जवानाचा आपल्याला अभिमान आहे, आणि पुढं काय म्हणावं ते न सुचून चहा न घेता गेले. मी वाट बघत होते कोण पहिला हसतो याची. खेचरवाला म्हणून कोण चिडवतो याची. आमच्या शेजारचे म्हातारे दादा काठी टेकत फौजींपुढं आले.

“आमचा आजा कोकणातनं बैलाच्या पाठीवर मीठ आणायचा,” ते म्हणाले. “त्याला कुणी हसलं न्हाई. तू आदी सांगायचं न्हाई का रं?”

फौजींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, दादा, चूक माझी व्हती. दादांना त्यातलं काही कळलं नाही. ते चहाकडे वळले.

बोललेला नवस फेडावा लागतो. लाईट जाऊ दे म्हटलं होतं, ती गेली होती. पुढच्या चतुर्थीला पहाटे मी ओझरला चालत निघाले. फौजीही आले. त्यांना मी कारण सांगितलं तेव्हा म्हणाले, देवानं तुझी बरी जिरवली. वाटेत एका उतारावर ते मागं पडले. चढावर हा माणूस माझ्या पुढं असतो आणि उतरताना नेहमी मागं पडतो. आजवर मी त्यांना म्हणत आले की वय झालं. त्या दिवशी काही म्हटलं नाही. थांबले, आणि ते आल्यावर त्यांच्या पावलानं चालले.

देवळात फार वेळ लागला नाही. तिथून आम्ही जीपनं जुन्नरला गेलो. फ्लेक्सच्या दुकानात तोच माणूस होता. मला बघून ओशाळला. म्हणाला, मावशी, पिच्चरमधी मी तुमचं काय बोललो न्हाई बरं का. मी म्हटलं, तू बोलला नाहीस, पण मी बोलून बसले. फौजींनी पिशवीतून फोटो काढून दिला. घरात लावायला मोठा करून हवा होता, फ्रेमसकट. त्यानं तो कम्प्युटरवर घेतला. डोंगर, बर्फ, फौजी, दोरी, खेचर. सवयीनं त्याचा हात माऊसकडे गेला.

“मावशी, यातलं काय काढायचं?”

“काय बी काढायचं न्हाई,” मी म्हटलं.

त्यानं विचारलं, खाली नाव टाकायचं का? फौजी म्हणाले, माझं नको, त्याचं टाक. खेचराला नाव नव्हतं, खुरावर नंबर डागलेला होता. आणि त्यांनी तो नंबर सांगितला, हिंदीत, ताठ उभं राहून, एकेक आकडा सुटा. या माणसाला त्याचाच मोबाईल नंबर मला दर वेळी चिठ्ठीवर लिहून द्यावा लागतो.